चढणीपुरता पहिला

खजुरीचा डोंगर हा डोंगर आहे, असं फक्त खजुरीचेच लोक म्हणतात. सह्याद्रीकडचा माणूस आणून तिथं उभा केला, तर तो डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून चहूकडं बघेल आणि विचारेल, "कुठाय हो तुमचा डोंगर?" आणि हे विचारताना तो डोंगराच्या माथ्यावरच उभा असेल. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. आळंद तालुक्यातल्या त्या सपाट काळ्या रानात, तुरी-ज्वारीच्या मधोमध एवढा तरी उंचवटा आहे, म्हणून गावानं त्याला डोंगर केला आणि वर सिद्धप्पाचं देऊळ बांधून तो पक्का करून टाकला.

चैत्रात जत्रा भरते तेव्हा गावातली तरणी पोरं अनवाणी हा डोंगर पळत चढतात. देवळाच्या पायरीला ज्याचा हात आधी लागेल तो पहिला. शर्यत तिथं संपते. उतरायचं ते हात जोडून, सुरुवातीची काही पावलं देवाकडं तोंड ठेवून, मग गप्पा मारत, सावकाश. खाली पाटलाच्या मांडवात बक्षिसाचं पागोटं मिळतं, पण ते काही पळून जात नसतं. डोंगरावरून पळत खाली येणाऱ्या माणसाबद्दल खजुरीत दोनच तर्क करतात. एक, त्याच्या घरी कोणी गेलं. दोन, देवळातली समई गेली.

हावगेप्पानं ही शर्यत ओळीनं नऊ वर्षं जिंकली होती. चन्नबसप्पा पाटलांच्या हातून मिळालेल्या नऊ पागोट्यांपैकी काहींची त्याची बायको निलम्मा हिनं बाळाची दुपटी केली होती, एकाची दारावरची झालर. त्याउपर त्या पागोट्यांचा उपयोग नव्हता, कारण पागोटं बांधून शाळेत जायची सोय नव्हती, आणि शाळेत तर त्याला जावं लागे. गावच्या हायस्कुलात तो खेळाचा मास्तर होता. म्हणजे हंगामी. दर जूनला संस्था त्याला नेमायची आणि दर एप्रिलात काढून टाकायची. असं सहा वर्षं चाललं होतं. मधल्या दोन महिन्यांत मास्तराला भूक लागत नाही, अशी संस्थेची समजूत असावी.

संस्थेचे अध्यक्ष नरहरराव वकील. राहायला गुलबर्ग्याला, आणि शाळेवर प्रेम एवढं, की वर्षातून दोनदा झेंड्याच्या दिवशी जीप घेऊन हमखास यायचे. हावगेप्पा दोन्ही वेळा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा. "साहेब, माझ्या ऑर्डरीचं…" नरहरराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "चाललंय, चाललंय." सहा वर्षं ती ऑर्डर चालत होती. हावगेप्पाला वाटे, आपल्यासारखी थोडी पळाली असती तर बरं झालं असतं.

अशात शहाऐंशी साली बंगळूरकडच्या एका डोंगरावर निवडीची शर्यत झाली. इटलीत डोंगरावर पळायची आंतरराष्ट्रीय शर्यत होणार होती आणि आपल्याकडून पहिल्यांदाच एक माणूस तिकडं धाडायचा होता. निवड करणारे साहेब लोक सकाळीच जीपनं माथ्यावर जाऊन सतरंजीवर बसले. त्यांना उन्हात खाली यायची मुळीच हौस नव्हती, म्हणून त्यांनीही शर्यत माथ्यावरच संपवली. हावगेप्पा पहिला आला. हिमालयातली पोरं असती तर कदाचित आला नसता, पण त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. देशात डोंगर पुष्कळ असले तरी पत्रकं छापायला कागद कमी पडतो.

ही बातमी ऐकून नरहरराव झेंड्याचा दिवस नसताना खजुरीत आले. ही गोष्टच मुळात पेपरात येण्यासारखी होती.

"हावगेप्पा," ते सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "पदक घेऊन ये. इकडं ऑर्डर तयार ठेवतो. कायमची. हा नरहररावाचा शब्द आहे."

हावगेप्पाला पदकाचं फारसं काही नव्हतं. तसलं काहीबाही निलम्मा पेटीत टाकून द्यायची. पण 'कायमची' हा शब्द त्यानं घरी येताना तोंडातल्या तोंडात इतक्यांदा म्हटला, की वाटेत भेटलेल्या कोंडाबाईनं विचारलं, "मास्तर, कुटला मंत्र म्हनायलाव?"

मग सत्कार सुरू झाले. शर्यत जिंकल्यावर सत्कार करायचा ही जुनी पद्धत; हरला तर काय घ्या, म्हणून शहाणी माणसं तो आधीच उरकून घेतात. ग्रामपंचायतीनं केला, सोसायटीनं केला, तूर व्यापाऱ्यांनी केला. सकाळी सराव करायचा तर रात्रीचं भाषण संपत नसे, आणि संध्याकाळी करायचा तर हार घालणारे वाट पाहत असत. महिनाभरात हावगेप्पा पळायचा कमी आणि शाल खांद्यावरून घसरू न देता खुर्चीत बसायला जास्त शिकला.

सोबत मॅनेजर म्हणून कोणी जायचं, यावर मात्र वाद झाला नाही. इंग्रजी येणारा माणूस हवा होता आणि मुख्याध्यापक अच्युतराव वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. एवढ्या काळात कोणाशी इंग्रजीत बोलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. त्यांनी नवा कोट शिवला. निलम्मानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगाच्या पोळ्या बांधून दिल्या, आणि स्टेशनवर नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जपून पळा. अन ते कायमचं इसरू नका."

इटलीतल्या त्या गावाचं नाव फक्त अच्युतरावांना उच्चारता येत असे, आणि तेही दर वेळी निराळं. गाव दरीत होतं आणि डोंगर खरोखरचा होता. हावगेप्पानं पहिल्यांदा वर पाहिलं तेव्हा त्याची टोपी मागं पडली. खजुरीच्या डोंगराला डोंगर म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांची त्याला त्या क्षणी थोडी लाज वाटली.

आदल्या दिवशी खेळाडूंची आणि मॅनेजरांची सभा झाली. तिथल्या साहेबानं फळ्यावर डोंगर काढला, त्यावर बाण काढले आणि भराभर बोलला. अच्युतराव पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. इतकी, की बोलणारा साहेब शेवटी त्यांच्याकडं बघूनच बोलू लागला.

"सर, काय म्हनले?" बाहेर आल्यावर हावगेप्पानं विचारलं.

"नेहमीचंच. शिस्तीत पळा, कोणाला ढकलू नका." अच्युतरावांनी कोट झटकला. "डोंगर चढायचाय. त्यात समजून घेण्यासारखं काय असायलंय?"

गावच्या चौकात फुलांची मोठी कमान उभारली होती. तिथं खुर्च्या मांडल्या होत्या, बँडवाले वाजवून पाहत होते. सुरुवात तर गावामागच्या कुरणातून होती, मग ही कमान कशाची? हावगेप्पानं विचारलं, तेव्हा अच्युतरावांनी क्षणभरही विचार केला नाही.

"बक्षीस समारंभाची. आपला पाटलाचा मांडव खालीच असतो ना? तसंच. वर जिंकायचं आणि खाली घ्यायचं. माणसं सगळीकडं सारखीच असतात बघ."

"व्हय की," हावगेप्पा म्हणाला. त्यालाही ते अगदी पटलं. दोन माणसांची चूक एकच असली की तिला एकमत म्हणतात.

सकाळी शिट्टी झाली. थंडी अशी, की नाकातून श्वास आत जायला राजी नव्हता. बूट निवड करणाऱ्या असोसिएशननं दिलेले, एका नंबरानं मोठे, म्हणून पुढं चिंध्या कोंबलेल्या. सुरुवातीला हावगेप्पा पार मागं पडला. उंच, गोरी, घोट्यापासून मांडीपर्यंत नुसत्या दोरखंडांनी विणलेली असावीत अशी ती पोरं त्याच्या पुढून हरणासारखी गेली. पण चढ लागला आणि त्याच्या ध्यानात आलं, की ती हळू पळतायत. मुद्दाम पळावं तशी. श्वास राखून, बेतानं, अर्ध्यावर पाणी पीत.

त्यानं एकाला मागं टाकलं, मग तिघांना. 'दूध-लोणी खाऊन ही गत?' असं त्याच्या मनात आलं. ती बिचारी अंगातली ताकद कशासाठी राखून ठेवतायत, हे त्याला कसं कळावं? त्याला राखायचं काहीच नव्हतं. माथ्यावर शर्यत संपणार आणि तिथं त्याची नोकरी उभी होती. शेवटच्या उभ्या चढावर त्यानं उरलासुरला सगळा जीव पायांत ओतला. छाती फुटेलसं झालं, डोळ्यांपुढं काळं-पिवळं नाचू लागलं, पण पुढं कोणी नव्हतं. खरंच कोणी नव्हतं. सगळ्या जगात त्याच्या पुढं त्या घडीला एकही माणूस नव्हता.

माथ्यावर लाकडी क्रूस होता, त्याशेजारी लाल फडक्याचा खांब, आणि पाण्याचे पेले घेऊन उभी असलेली दोन माणसं. हावगेप्पानं खांबाला हात लावला. मग बूट काढले. देव कुठला का असेना, बूट घालून कसं उभं राहायचं? क्रुसापुढं त्यानं डोकं टेकवलं आणि गवतावर बसकण मारली. त्याला रडू आलं. लहानपणी बाप गेला तेव्हासुद्धा तो असा मोकळा रडला नव्हता.

पाणी देणारी बाई काहीतरी ओरडायला लागली. दोन्ही हात खाली दाखवत होती. हावगेप्पाला वाटलं, कौतुक करायलीय आणि बक्षिसाला खाली जा म्हणायलीय.

"जातो की अक्का," तो हात जोडून म्हणाला. "जरा दम खाऊ द्या."

मागून दुसरा गडी आला, खांबाला वळसा घातला आणि पलीकडच्या उतारावरून दगडांत उड्या मारत नाहीसा झाला. मग तिसरा, चौथा. पुढं जथेच्या जथे. हावगेप्पा पाय पसरून त्यांच्याकडं बघत होता. काय ही घाई! हरलेली माणसं, पण जेवणावर आपली पंगत चुकेल म्हणून कशी धावतायत. देवाला नमस्कार नाही, काही नाही. येणाऱ्यांतल्या एकदोघांकडं बघून त्यानं दिलदारपणे हातही हलवला.

शेवटी एक जाडजूड, घामानं निथळणारा माणूस आला आणि तोही वळसा घालून उतारावर गेला, तेव्हा त्या बाईनं हावगेप्पाचा दंड धरला, हातातल्या बुटांसकट त्याला ओढत कड्यापाशी नेलं आणि बोट दाखवलं. खाली, लांब, मुंग्यांच्या रांगेसारखी माणसं त्या फुलांच्या कमानीकडं पळत होती. कमानीतून आत गेली, की छातीवर हात दाबून कोसळत होती. बँड वाजत होता.

हावगेप्पाच्या तोंडचं पाणी पळालं.

चिंध्या न कोंबताच त्यानं बूट चढवले. क्रुसाकडं बघून "माफ कर रं बाबा" म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा देवाकडं पाठ करून डोंगर उतरू लागला, पळत. पण उतरायला पाय निराळे लागतात. चढताना जो गडी कोणाला ऐकत नव्हता, त्याच्या मांड्या उतारावर लटलट कापू लागल्या. बोटं बुटांच्या टोकांवर आपटत होती. तो पडला, उठला, परत पडला. एका ठिकाणी तर गवतावरून बसल्या बसल्याच घसरत गेला, आणि तिथल्या गाईंनी चरायचं सोडून त्याच्याकडं पाहिलं.

कमानीत शिरला तेव्हा तो शेवटून तिसरा होता. मागं राहिलेल्या दोघांपैकी एकाचा पाय मुरगळला होता आणि दुसऱ्याला वाटेत उलट्या होत होत्या.

अच्युतराव कोट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून कमानीपाशी उभे होते.

"अरे, कुठं होतास?"

"वर."

"वर काय करायलतास एवढा वेळ?"

"जिंकलो हुतो, सर," हावगेप्पा म्हणाला, आणि खाली बसला.

अच्युतरावांनी गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत ठेवला. आपण सभेत किती माना डोलवल्या, हे त्यांना आठवत असावं. माणूस गप्प बसला की विचार करतो असं म्हणतात. अच्युतरावांनी खरोखरच केला, आणि दुपारी पोस्टात जाऊन तार ठोकली. 'हावगेप्पा माथ्यावर पहिला.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खालच्या भागाबद्दल तारेत काही नव्हतं, पण तारेत सगळंच कोण लिहितं?

परतीच्या वाटेवर, गुलबर्ग्याच्या गाडीत त्यांनी हावगेप्पाला समजावलं. "हे बघ, मी कुठं खोटं बोललो? वर पहिला होतास का नाही?"

"हुतो."

"झालं तर मग. विचारल्याशिवाय बोलू नको आणि विचारलं तर वरचंच सांग. तुझी ऑर्डर निघते, माझी अब्रू राहते, संस्थेचं नाव होतं. बिघडलं कोणाचं?"

हावगेप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिला. बिघडत कोणाचंच नव्हतं. तेच तर खुपत होतं.

घरी त्यानं निलम्माला सगळं खरं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

"आपल्यात शर्यत कुटं संपती?" तिनं विचारलं.

"वर."

"मंग तुमीच पहिले. त्यांची रीत त्यांच्यापाशी. ऑर्डर घ्या अन गप बसा."

"लोकं मला जगात पहिला म्हनायलेत निलम्मा. बँड लावलाय."

"म्हनू द्या की. सा वर्सं कुनी मास्तर तरी म्हनलं का नीट? पोराला ताप आलता तवा मे महिना हुता. औशिदाला काय केलं ते मला ठावं हाय." आता मात्र तिचा हात थांबला. "तुमी खरं बोलाल. मला म्हाईत हाय. तुमच्या अंगात ती खोडच हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात सत्काराला सगळा गाव लोटला. नरहरराव तासभर बोलले. त्यातून गावाला कळलं, की लहानपणी नरहरराव स्वतः उत्तम पळायचे, की या शर्यतीची मूळ कल्पना एका अर्थी त्यांचीच होती, आणि हावगेप्पाच्या पायांत जे बळ आलं ते संस्थेच्या संस्कारांचं. ऑर्डरीचा शब्द मात्र त्या तासात कुठं आला नाही. हावगेप्पा कान देऊन ऐकत होता. मग त्याला बोलायला उभं केलं.

माईकसमोर तो उभा राहिला. समोर त्याच्याच वर्गातली पोरं मांडी घालून बसली होती. पळताना कोणी मधूनच आडवाटेनं आलं तर तो ज्यांचे कान पिळायचा, ती पोरं.

"मी वर पहिला पोचलो," तो म्हणाला. "पर शर्यत खाली येऊन संपत हुती. ते मला ठावं नव्हतं. मी वर बसलो. खाली शेवटून तिसरा आलो."

अच्युतरावांनी डोळे मिटले. नरहररावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून चन्नबसप्पा पाटील काठी टेकत उठले. वय झालेलं, पण आवाज खणखणीत.

"मंग? त्यात काय चुकलं रं?" ते गावाकडं वळले. "डोंगरावर देव हुता का न्हाई?"

"हुता, अप्पा," हावगेप्पा म्हणाला.

"त्येच्या पाया कोन कोन पडलं?"

"मीच."

"ऐका! बाकीची समदी देवाला पाठ दावून पळाली. घरी मयत झाल्यावानी. अन त्यास्नी पहिलं म्हनायचं व्हय? सिद्धप्पाच्या रीतीनं आपला गडीच पहिला. वाजवा रं!"

हलगी कडाडली. पोरं नाचायला लागली. पाटलांनी दहावं पागोटं आपल्या हातानं त्याच्या डोक्याला बांधलं, आणि हावगेप्पाचे डोळे भरून आले. खरं बोलून माणूस बुडतो असं त्यानं ऐकलं होतं. इथं तर गावानं त्याला खांद्यावर घेतलं. बायकांत उभी असलेली निलम्मा हसत होती. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं आणि आता ऑर्डर आली की झालं, घोडं गंगेत न्हालं, असं त्याला वाटलं.

नरहरराव वकील होते, हे तो आनंदाच्या भरात विसरला होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात त्यांनी त्याला बसा म्हटलं, तेव्हाच खरं तर ओळखायला हवं होतं. सहा वर्षांत त्यांनी त्याला कधी बसा म्हटलं नव्हतं.

"हावगेप्पा, आपलं बोलणं पदकावर झालं होतं. पदक कुठाय?"

"साहेब, ते… पाटील म्हनले की रीतीनं…"

"पाटलांची रीत देवळात. नेमणूक कायद्यानं होते. आणि तू तर सगळ्या गावासमोर, माईकवर, स्वतःच्या तोंडानं कबुली दिलीस. शेवटून तिसरा. मी काय करू आता?" नरहररावांनी खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. त्या कायमच्या जागेवर त्यांचा पुतण्या व्यंकट येणार होता, हे शाळेच्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. हा व्यंकट कुत्रं मागं लागल्याशिवाय आजवर कधी पळाला नव्हता.

हावगेप्पानं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. फाटकावर पेंटर शिडी लावून मोठा बोर्ड रंगवत होता. वर कन्नडात, खाली मराठीत. 'आमचे शिक्षक श्री. हावगेप्पा, जगात पहिले.' उद्या उमरग्याकडं एका लग्नाला जाणारे राज्याचे एक मंत्री वाटेत शाळेला भेट देणार होते, आणि संस्थेला नव्या इमारतीचं अनुदान हवं होतं.

"मंग त्यावर पहिला कामून लिवायलाव?"

"ते संस्थेचं आहे," नरहरराव शांतपणे म्हणाले. "वरपर्यंत तुला संस्थेनं नेलं. खाली तू तुझा तू आलास."

रागानं हावगेप्पाचं डोकं भणभणत होतं. तो उठून बाहेर आला. पेंटर जेवायला गेला होता. शिडी तशीच, रंगाचा डबा तसाच. हावगेप्पा शिडीवर चढला आणि 'आमचे' आणि 'शिक्षक' यांच्या मधल्या फटीत, बारीक अक्षरांत का होईना, 'हंगामी' असं लिहून टाकलं. कन्नडातही लिहिलं आणि मराठीतही. सीमेवरच्या मुलखात अन्याय एकाच भाषेत करून भागत नाही. लगेच तक्रार होते.

सकाळी येऊन पाहतो तर फाटकाला रॉकेलचा वास. रात्रीत कोणीतरी बोर्ड पुसला होता. 'हंगामी' गेलं होतं, त्याच्यासोबत 'शिक्षक'ही गेलं होतं. आता त्यावर 'आमचे' होतं, मग एक भलामोठा ओलसर पट्टा, आणि मग 'श्री. हावगेप्पा, जगात पहिले'.

"अध्यक्षांनीच सांगितलं," शिपाई निंगप्पा नजर चुकवत म्हणाला. "दोनी शबुद काडा म्हनले. मंत्र्याला उगं इचारायला नको, कसला शिक्षक म्हनून."

हावगेप्पा त्या पट्ट्याकडं बघत उभा राहिला. व्यंकटानं लाटली ती फक्त जागा होती. हे मात्र त्याला लागलं, खोलवर लागलं. सहा वर्षं ज्या पोरांना त्यानं पळायला शिकवलं, त्यांच्या शाळेच्या फाटकावर त्याचं नाव होतं, आणि तो कोण हे तेवढं नव्हतं.

मंत्री अकराच्या सुमाराला आले. लग्नाची घाई होती, पण हार घालून घ्यायला वेळ होता. नरहररावांनी हावगेप्पाला हाताला धरून पुढं आणलं. "हे आमचे हावगेप्पा. आमच्या संस्थेनं घडवलेला हिरा."

"वा, वा!" मंत्र्यांनी बोर्ड वाचला, हावगेप्पाच्या गळ्यात आपल्या गळ्यातला एक हार घातला आणि सहज, विचारायचं म्हणून विचारलं, "काय करता आपण?"

नरहरराव तोंड उघडत होते. पण चढणीवर हावगेप्पाला अजून तरी कोणी गाठलं नव्हतं.

"ह्याच शाळंत मास्तर हाय, साहेब," तो म्हणाला. "सा वर्सं झाली. हंगामी. बोर्डावर जागा पुरली न्हाई म्हनून लिवलं न्हाई."

मंत्र्यांनी नरहररावांकडं पाहिलं. नरहररावांनी अच्युतरावांकडं पाहिलं. अच्युतरावांना पाहायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी बोर्डाकडं पाहिलं. तिथं जागा भरपूर होती.